आधी पानं टाकायला शिका, मग कौशल्याच्या गप्पा मारा

"सूटेड होती रे पानं."
"राजा होता हातात, कसा टाकू?"
"अर्धा तास नुसता बसून होतो."
"स्वस्तात फ्लॉप बघायला मिळत होता."
"भावा, कुठलीही दोन पानं जिंकू शकतात."

पोकरचं टेबल पुण्यातल्या फ्लॅटमधलं असो की पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटीवरचं, रात्री दोनच्या सुमारास ही पाच वाक्यं तिथे ऐकू येतातच. बोलणाऱ्याच्या चिप्स नुकत्याच दुसऱ्याकडे सरकलेल्या असतात आणि तो सगळं खापर शेवटच्या पानावर फोडत असतो. त्या पानाचा काही दोष नसतो. डाव हरला तो दोन-तीन मिनिटं आधी. तेव्हा टेबलावर एकही पान उघडं नव्हतं, सगळ्यांच्या आधी बोलायची पाळी याची होती, हातात राजा-सत्ती होती आणि हा म्हणाला, "कॉल."

माझं म्हणणं सरळ आहे. पहिल्या जागेवरून कच्ची पानं खेळणं याला धाडस म्हणू नका, शैली म्हणू नका, 'ज्याची त्याची पद्धत' तर अजिबात म्हणू नका. ती चूक आहे. पोकरमध्ये टाळायला सगळ्यात सोपी आणि तरीही सगळ्यात जास्त केली जाणारी चूक. हा कौशल्याचा खेळ आहे असं आपण कट्ट्यापासून कोर्टापर्यंत ओरडून सांगतो. त्या कौशल्याची पहिली परीक्षा या खुर्चीत होते, आणि पेपर सोपा असून बहुतेक जण नापास होतात.

खुर्ची कुठली, हे आधी बघू

ज्यांनी टेक्सस होल्डेम खेळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात. मग टेबलावर सगळ्यांसाठी पाच पानं उघडली जातात: आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचं (रिव्हर). पैसे लावायच्या फेऱ्या चार. पहिली फ्लॉपच्या आधी, उरलेल्या तीन फ्लॉप, टर्न आणि रिव्हरनंतर. वाटणाऱ्याची जागा दाखवणारं एक बटण दर डावाला एक घर डावीकडे सरकतं. बटणाच्या डावीकडचे दोघं पानं बघायच्या आधीच ठरलेली रक्कम टाकतात. एक स्मॉल ब्लाइंड, दुसरा बिग ब्लाइंड. त्यांच्या पुढचा जो, त्याने सगळ्यात आधी बोलायचं. कॉल, रेज की फोल्ड?

या जागेला खेळाडू 'अंडर द गन' म्हणतात, म्हणजे बंदुकीच्या तोंडाशी. नाव ठेवणाऱ्याला खेळ कळत होता. नऊ जणांच्या टेबलावर या माणसाच्या मागे आठ जण बोलायचे बाकी असतात. त्यांच्यापैकी कोणाकडे काय आहे याचा त्याला काडीचा पत्ता नसतो. फ्लॉपनंतरही सुटका नाही. ब्लाइंडचे दोघं सोडले तर बाकी प्रत्येक जण त्याच्या नंतर बोलतो, म्हणजे त्याची चाल बघून आपली चाल ठरवतो. जात्यातले आणि सुपातले असा हा फरक आहे, आणि तो एका फेरीपुरता नसतो, चारही फेऱ्या चालतो.

आता यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचा सगळा वाद तिच्यावर उभा आहे. या माणसाने अजून एक रुपयाही लावलेला नाही. स्मॉल ब्लाइंडचे पैसे पॉटमध्ये गेले, बिग ब्लाइंडचे गेले. याचे नाही. पानं टाकली तर खर्च शून्य. अख्ख्या टेबलावर सगळ्यात कमी माहिती ज्याच्याकडे आहे, त्यालाच खेळाने फुकटात बाहेर पडायची सोय दिली आहे. आणि हा गडी ती नाकारून खिशात हात घालतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

गणित फार अवघड नाही

५२ पानांतून दोन पानं १,३२६ प्रकारे येऊ शकतात. त्यातली खरंच दमदार किती? दश्शीपासून एक्क्यापर्यंतच्या जोड्या ३० प्रकारे येतात, एक्का-राजा १६ प्रकारे, एक्का-राणी १६ प्रकारे. एकूण ६२. म्हणजे कुठल्याही एका खेळाडूच्या हातात यातलं काही असण्याची शक्यता पाच टक्क्यांहूनही थोडी कमीच.

पाच टक्के ऐकून हायसं वाटतं. पण मागे बसलेले आठ आहेत. त्या आठांपैकी निदान एकाकडे असा हात असण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के होते, जवळजवळ दर तीन डावांत एकदा. आता तीच राजा-सत्ती घेऊन बटणावर बसा. बाकीच्यांनी पानं टाकली आहेत, मागे फक्त दोन ब्लाइंड उरले आहेत. आता ही शक्यता सुमारे ९ टक्के. पान तेच, पत्त्यांचा कॅट तोच, पिसणारा तोच. खुर्ची बदलली आणि धोका साडेतीन पट झाला. म्हणूनच जाणकार खेळाडू नऊ जणांच्या टेबलावर पहिल्या जागेवरून आठ-दहा डावांत साधारण एखादाच खेळतात, आणि तेच लोक बटणावरून दहांत चारपेक्षाही जास्त डाव खेळतात. त्यांची हिंमत दर डावाला कमी-जास्त होत नाही. त्यांना खुर्ची दिसते.

यावर उत्तर येतं, "मग काय झालं? मोठा हात असेल त्याच्याकडे. मला नाही लागलं तर मी सोडून देईन."

इथेच गोम आहे. कच्ची पानं साफ फसतात तेव्हा फारसं नुकसान करत नाहीत. ती अर्धवट लागतात तेव्हा करतात. जोडी नसलेली कुठलीही दोन पानं घ्या, तीनपैकी दोनदा फ्लॉपवर तुमची साधी जोडीसुद्धा होत नाही. तेव्हा सोडून देता, ठीक. पण तिसऱ्या वेळी फ्लॉपवर राजा येतो. हातात राजा-सत्ती. आता सोडवेल? नाही सोडवत. आणि मागून ज्याने रेज केलं होतं त्याच्याकडे एक्का-राजा असेल, तर दोघांचीही राजाची जोडी झाली आणि जोडीला त्याचं पान मोठं. तुम्हाला वाटतं आपण पुढे आहोत. तो तीनही फेऱ्यांना पैसे लावतो, तुम्ही तीनही फेऱ्यांना भरता. राजा आला म्हणून वाचलात असं नव्हे, राजा आला म्हणून बुडालात.

राजा-सत्ती तर उघडच कच्ची आहे. राजा-गुलाम बघा, दोन्ही चित्राची पानं, दिसायला देखणी. एक्का-राजाविरुद्ध ती शेवटपर्यंत नेली तर तिच्या वाट्याला जिंकण्याचा साधारण चौथा हिस्सा येतो. एक्का-सत्तीची एक्का-राजासमोर जवळपास तीच गत. आणि पहिल्या जागेवरून तुम्ही पैसे लावल्यावर मागून जो उलट अंगावर येतो, त्याच्याकडे नेमके असेच हात असण्याचा संभव जास्त. दुबळे हात फोल्ड होऊन गेलेले असतात. म्हणजे कच्ची पानं घेऊन पुढे होणारा माणूस स्वतःसाठी टेबलावरचे सगळ्यात वाईट प्रतिस्पर्धी निवडून घेतो.

आता बचावाचे साक्षीदार बोलावू

पहिला साक्षीदार: "सूटेड होती." दोन्ही पानं एकाच जातीची, दोन्ही बदाम किंवा दोन्ही किलवर. फ्लॉपवरच फ्लश पुरा होण्याची शक्यता ०.८४ टक्के, शंभर वेळांत एकदासुद्धा नाही. फ्लश व्हायला एक पान कमी अशी स्थिती साधारण ११ टक्के वेळा येते आणि तिथून पुढे प्रत्येक पानासाठी पैसे मोजावे लागतात. सगळा हिशोब केला तर एकाच जातीची असण्याने पानांची ताकद दोन ते चार टक्क्यांनी वाढते. चांगल्या पानांना हा जोड कामाचा आहे. पण वाईट पानं सूटेड निघाली म्हणून सत्तीची राणी होत नाही.

दुसरा साक्षीदार: "रेज नाही केलं, नुसतं कॉल केलं. स्वस्तात फ्लॉप." याला खेळाडू लिंप म्हणतात, लंगडत आत येणं. स्वस्त कोणाच्या हिशोबाने? मागे आठ जण आहेत. त्यातल्या एकाने रेज केलं की तुमच्यासमोर दोनच रस्ते: लावलेले सोडा, नाहीतर आणखी भरून वाईट जागेवरून वाईट पानं खेळा. आणि कॉल करून तुम्ही टेबलाला जाहीर निवेदन दिलेलं असतं की माझ्याकडे रेज करण्याइतकं काही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती तुम्ही आपणहून उघडली.

हे फक्त माझं मत असतं तर सोडून द्या म्हणालो असतो. पण कार्नेगी मेलन विद्यापीठातले नोम ब्राउन आणि टुओमास सँडहोल्म यांनी फेसबुकच्या साथीने प्लुरिबस नावाचा प्रोग्रॅम बनवला आणि २०१९ मध्ये त्याने सहा जणांच्या नो-लिमिट होल्डेममध्ये जगातल्या नामवंत व्यावसायिकांना हरवलं. हा प्रोग्रॅम माणसांचे डाव बघून शिकलेला नव्हता. तो स्वतःशीच खेळत शिकला. त्याला कोणी पुस्तक दिलं नव्हतं, कोणी शिस्तीचे धडे दिले नव्हते. तरी तो ज्या निष्कर्षांवर आला त्यातला एक असा: नुसता बिग ब्लाइंडएवढा कॉल करून आत येणं एका स्मॉल ब्लाइंडचा अपवाद सोडला तर कुठल्याही जागेवरून तोट्याचं आहे. स्मॉल ब्लाइंडला सूट का, तर त्याचे अर्धे पैसे नियमानेच आधी गेलेले असतात. जुने खेळाडू वर्षानुवर्षं जे सांगत होते तेच यंत्राने शून्यापासून सुरुवात करून पुन्हा शोधून काढलं.

तिसरा साक्षीदार सगळ्यांचा लाडका: डॉयल ब्रन्सन. १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षं वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा त्याने जिंकली आणि दोन्ही वेळा शेवटच्या डावात त्याच्या हातात दश्शी-दुर्री होती. आजही त्या हाताला त्याचंच नाव आहे. "ब्रन्सन दश्शी-दुर्रीवर जगज्जेता झाला आणि तू मला राजा-सत्ती टाकायला सांगतोस?"

हो, सांगतो. कारण त्या दोन्ही डावांत टेबलावर दोनच माणसं उरली होती. दोघांच्या खेळात मागे आठ जण नसतात, एक असतो. दर डावाला दोघांचेही पैसे आधीच गेलेले असतात, त्यामुळे तिथे जवळजवळ काहीही खेळावं लागतं. तो वेगळाच खेळ आहे. आणि १९७६ च्या डावात सगळे पैसे टेबलावर गेले तेव्हा ब्रन्सन मागे होता. त्याच्या दोन जोड्या दश्शी-दुर्रीच्या, समोरच्याच्या एक्का-गुलामाच्या. रिव्हरला आणखी एक दश्शी आली म्हणून तो जिंकला. ज्या माणसाने हजारो रात्री वाईट पानं टाकून पोट भरलं, त्याच्या दोन डावांचा फोटो भिंतीवर लावायचा आणि टाकलेल्या हजारो डावांकडे बघायचं नाही, याला शिकणं म्हणत नाहीत.

चौथा साक्षीदार जरा अभ्यासू असतो. तो म्हणतो, "मी फक्त चांगलीच पानं खेळलो तर सगळ्यांना कळेल. अंदाज येऊ नये म्हणून मधूनमधून काहीतरी वेडंवाकडं खेळावं लागतं." यात तथ्याचा कण आहे. अव्वल खेळाडू पहिल्या जागेवरूनही काही मधले हात ठरावीक प्रमाणात मिसळतात. पण ते हात निवडलेले असतात. एक्का आणि लहान पान, दोन्ही एकाच जातीची. किंवा लागोपाठची मध्यम पानं, तीही एकाच जातीची. कारण ते लागले तर मोठे लागतात, अर्धवट लागत नाहीत. राजा-सत्ती त्या यादीत नसते. आणि खरं सांगा, शनिवारच्या रात्री ज्या टेबलावर तुम्ही बसता तिथे तुमच्या मागच्या दोनशे डावांचा हिशोब ठेवणारा कोण आहे? निम्मे जण फोनमध्ये असतात. जो बघतच नाही त्याला चकवण्यासाठी तुम्ही पैसे मोजताय.

अपवाद आहेत, ते लपवत नाही. लहान जोड्या घ्या. दुर्रीची किंवा पंजीची जोडी फ्लॉपवर तीन सारखी पानं व्हायची शक्यता साधारण आठ-नऊ वेळांत एकदा. सगळ्यांसमोर भरपूर चिप्स असतील आणि टेबलावर रेज कमी होत असेल, तर ती जोडी पहिल्या जागेवरूनही खेळता येते. स्पर्धेत चिप्स संपत आल्या असतील आणि पुढच्याच डावाला बिग ब्लाइंड भरायचा असेल, तर हिशोब आणखी बदलतो. चार-पाच जणांच्या टेबलावर 'पहिली' जागा तितकी पहिली नसते. हे सगळं खरं. पण या प्रत्येक अपवादाच्या पाठीशी कारण आहे, आकडा आहे. "कंटाळा आला होता" हा अपवाद नव्हे.

बूट टाकायची सवय

आपल्याकडे हा आजार जास्त का, याचं एक उत्तर तीन पत्तीत आहे. आपल्यातले बहुतेक जण होल्डेमकडे आले ते दिवाळीतल्या किंवा गणपतीच्या जागरणातल्या तीन पत्तीवरून. तिथे डाव सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाने बूट टाकलेला असतो. पॅक करणारा काहीतरी गमावूनच उठतो. त्यामुळे 'टाकलेत तर बघू' ही वृत्ती तिथे अगदीच वेडेपणाची नाही. शिवाय तीन पानं हातात आली की नवीन पान येत नाही, मधे फ्लॉप नाही, टर्न नाही. पानं न बघता ब्लाइंड खेळणाऱ्याला बघून खेळणाऱ्याच्या निम्मीच रक्कम टाकावी लागते. म्हणजे न बघता खेळण्याला खुद्द नियमांनीच सवलत दिली आहे. तीन पत्तीत मर्दुमकीची बक्षिसं आहेत.

होल्डेमची रचना नेमकी उलटी. इथे दोघंच आधी पैसे टाकतात, बाकीच्यांना फुकट बघायला मिळतं. इथे माहिती हळूहळू उघडत जाते आणि जो उशिरा बोलतो त्याला ती जास्त मिळते. तीन पत्तीतला शूर गडी होल्डेमच्या पहिल्या खुर्चीत बसवला की तो न मागितलेला बूट भरत राहतो. दर फेरीला एकदा, स्वतःहून.

किती होतात ते मोजा. ब्लाइंड ५० आणि १०० रुपयांचे धरा. समोरासमोरच्या खेळात तासाला २७ डाव झाले, तर नऊ जणांच्या टेबलावर ही खुर्ची तुमच्याकडे तासाला तीनदा येते. पाच तासांत पंधरा वेळा. दर वेळी नुसता कॉल केला तरी १,५०० रुपये आत गेले. काही परत येतात, मान्य. पण अर्धवट लागलेल्या राजावर गेलेले पाच-सहा हजार यात धरलेले नाहीत. आणि ही एका रात्रीची, एका खुर्चीची गोष्ट झाली. पहिल्या नोकरीच्या पगारातून खेळणाऱ्या पोराला विचारा, महिन्याच्या अखेरीस त्याला काय आठवतं? शेवटच्या पानाचा दगा आठवतो. ते पंधरा कॉल आठवत नाहीत.

'ॲक्शन' कोणाला हवी असते?

तुम्ही जास्त डाव खेळावेत असं कोणाला वाटतं, हेही एकदा विचारून बघा. पैशांचा खेळ चालवणारा कोणीही असो, तो प्रत्येक पॉटमधून आपला हिस्सा कापून घेतो. याला रेक म्हणतात. बहुतेक ठिकाणी नियम असा असतो की फ्लॉप उघडला नाही तर रेक नाही. म्हणजे पहिल्या जागेवरून पानं टाकणारा माणूस चालवणाऱ्याला एक पैसा देत नाही. आणि राजा-सत्तीवर फ्लॉप बघणारा, मागचे चार जणही 'स्वस्तात' आत ओढणारा माणूस त्याच्यासाठी कामधेनू असतो. तुम्ही जिंका किंवा हरा, कापलेला हिस्सा परत येत नाही. टेबलाला 'ॲक्शन' हवी असते असं म्हणतात तेव्हा कोणाच्या गल्ल्याला हवी असते, हे लक्षात ठेवा.

दुसरा लाभार्थी तुमच्या हातातल्या फोनमध्ये आहे. पोकरच्या रील्स बघा. चाळीस सेकंदांत कोणीतरी सत्ती-दुर्रीवर लाखांचा पॉट उचलतो, मागे ढोल वाजतात, खाली 'काय जिगर आहे' अशा कमेंट पडतात. कोणी शांतपणे दोन पानं पुढे सरकवली आणि पाणी प्यायलं, याची रील होत नाही. झाली तर कोण बघेल? म्हणून खेळाचा नव्वद टक्के भाग तुमच्या डोळ्यांसमोर कधी येतच नाही. जे दिसतं त्यालाच खेळ समजून पोरं टेबलावर बसतात, आणि अर्धा तास पानं टाकावी लागली की त्यांना वाटतं आपण खेळतच नाही आहोत.

खेळत असता. तोच खेळ आहे.

कौशल्य कुठे राहतं?

आता मूळ मुद्द्यावर. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली आंध्र प्रदेशातल्या एका क्लबच्या खटल्यात रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवलं. कारण काय दिलं? पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, आणि कुठलं पान धरायचं नि कुठलं टाकायचं याला कसब लागतं. त्याच निकालात तीन पानांच्या खेळांना न्यायालयाने निव्वळ नशिबाच्या खात्यात टाकलं. हा फरक पुन्हा वाचा. धरणं आणि टाकणं. पत्त्यांच्या खेळातलं कौशल्य न्यायालयाला जिथे दिसलं, त्यात एक जागा पान टाकण्याची आहे.

या एका निकालाच्या आधाराने पुढची कित्येक वर्षं रमीचे आणि पोकरचे धंदे उभे राहिले, जाहिराती झाल्या, 'हा जुगार नाही, डोक्याचा खेळ आहे' असं सांगितलं गेलं. मग ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेदच कायद्याने बाजूला ठेवला. त्याला न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे. तो कायदा योग्य की अयोग्य यावर स्वतंत्र लेख होईल. पण त्या वेळी सोशल मीडियावर जो संताप उसळला, त्यातलं एक वाक्य मला खटकलं: "आमच्या कौशल्याचा अपमान झाला."

कुठल्या कौशल्याचा? खेळात कौशल्याला वाव असणं आणि खेळणाऱ्याकडे ते असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोकरमध्ये कौशल्याला वाव आहे, याबद्दल मला शंका नाही. प्लुरिबस नशिबाने जिंकला नाही. पण जो माणूस आठ अनोळखी हातांसमोर राजा-सत्ती घेऊन उभा राहतो, त्याच्यापुरता हा खेळ तीन पत्तीच आहे. त्याने नियमपुस्तक बदललं, सवय नाही. तो कौशल्याच्या खेळात बसून नशिबाचा खेळ खेळतोय, आणि वर कौशल्याचं प्रमाणपत्र मागतोय.

"आम्ही मजेसाठी खेळतो" असं कोणी म्हणेल. मला हा बचाव सगळ्यात प्रामाणिक वाटतो. मजेला किंमत असते, सिनेमाचं तिकीट काढतोच की आपण. मग तसंच करा. रात्रीचे इतके रुपये गेले तर चालतील असं आधी ठरवा, राजा-सत्ती खेळा, हसा, घरी जा. फक्त सकाळी उठून रिव्हरला शिव्या घालू नका. आणि स्वतःला कौशल्यवान खेळाडू म्हणवू नका. तिकीट काढून सिनेमा बघणारा स्वतःला दिग्दर्शक म्हणत नाही.

ज्यांना खरंच खेळायचं आहे त्यांच्यासाठी मात्र कसोटी फार जवळ आहे. तिला पुस्तकं लागत नाहीत, कोचिंग लागत नाही, महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. पुढच्या वेळी बिग ब्लाइंड भरणारा तुमच्या लगेच उजव्या हाताला बसलेला असेल. पानं उचलाल, राजा आणि सत्ती निघेल, कदाचित दोन्ही बदामाची. मागे आठ जण वाट बघत असतील, कोणीतरी म्हणेल, "चल रे, लवकर." ती दोन पानं तशीच झाकलेली पुढे सरकवा. मग फोन खिशात ठेवून बाकीचे आठ जण काय करतात ते बघा. त्या डावाचे तुम्हाला शून्य रुपये पडले, आणि बघितलंत ते सगळं पुढच्या डावांत तुमचं आहे.